आभारात राहून गेलेले चौघे

आखातातल्या मीना अब्दुल्ला या बंदरावरच्या आमच्या ऑफिसात सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज साहेब होते, वेल्डिंग इन्स्पेक्टर. साठच्या दशकात त्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये डान्स होता आणि त्यात वाजवायला आलेला बँड पुढे जगभर गाजला, असं ते चहाच्या वेळी सांगत. ऑफिसातले लोक पाठीमागे हसत. "उद्या म्हणतील, ड्रम मीच वाजवले!"

मी मात्र कान टवकारून ऐकायची. माझं कामच कागदपत्रं सांभाळण्याचं. एखादं चिटोरं कुठे गेलं हे कळेपर्यंत मला घास उतरत नाही. एवढी मोठी माणसं शाळेत आली कशी? त्यांना चहा कोणी दिला? साहेब हौसेने सांगत. जेवणाची टेबलं जोडून स्टेज केलं होतं आणि हेडमास्तर दोनदा आवाज कमी करा म्हणून सांगून गेले होते.

साहेबांचं काँट्रॅक्ट संपत आलं, तेव्हा एका दुपारी ते म्हणाले, "मुलीला वाटतं माझी स्मरणशक्ती गेलीय. ही गोष्टसुद्धा मी रचलीय म्हणते. परत गेलो की मला वृद्धाश्रमात ठेवणार. माझं घर आहे हो तिथे, बाग आहे."

मला फार वाईट वाटलं. त्या न पाहिलेल्या मुलीचा रागही आला.

"तुला कशाला नसत्या पंचायती?" नवरा म्हणाला. पण त्या डान्सची काही नोंद आहे का, अशी मी साहेबांच्या शाळेला मेल टाकलीच. जवळच्या फहाहील गावातल्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होतो, त्यात आभारप्रदर्शन दरवर्षी माझ्या गळ्यात. ऐकत कोणीच नाही, सगळे जेवणाच्या रांगेकडे पळतात. पण ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर गाल फुगवून बसतो. त्या सवयीने मी साहेबांना विचारलं, "त्या दिवशी आभार कोणी मानले?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मीच. शाळेच्या शिपायापासून केक करणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांचे. फक्त बँडचे विसरलो. ते चौघे तारा गुंडाळत माझ्याकडे बघत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही."

तीन आठवड्यांनी शाळेने जुन्या वार्षिक अंकाचं एक पान पाठवलं. वर बँडचं नाव, खाली साहेबांचं भाषण जसंच्या तसं. शिपाई होता, केकवाल्या बायका होत्या. ते चौघे नव्हते. "आठवण पक्की आहे!" मी टेबलावर हात आपटून ओरडलेच!

साहेबांकडून पत्ता घेऊन पान त्यांच्या मुलीला पाठवलं, आणि चौघांचं राहून गेल्याचं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, हेही लिहिलं. तिने वडिलांना फोन केला, रडली म्हणे, आणि वृद्धाश्रमाचा विषय बंद झाला.

निरोपाच्या चहाला साहेब हातात कागद न घेता उभे राहिले. ड्रायव्हर, चहा देणारा, गेटवरचा हारिस म्हणजे पहारेकरी, एकेकाचं नाव घेतलं. शेवटी म्हणाले, "आणि शाळेतले ते चौघे." मी ओढणी सारखी करून माझ्या नावाची वाट बघत होते. टाळ्या झाल्या आणि साहेब खाली बसले.

आधी मला राग आला, अगदी मंडळातल्या गाल फुगवणाऱ्यांसारखा. मग वाटलं, रोज चहाला समोर बसणारी मीच यांना आठवले नाही, म्हणजे मुलीचं म्हणणं खरं तर नव्हतं?

दोन दिवसांनी साहेबांच्या मुलीने मेलवर विचारलं, निरोपसमारंभ कसा झाला. मी लिहिलं, छान झाला, बाबांनी सगळ्यांचे आभार मानले, एकही नाव राहिलं नाही.