नाकातली लस आणि शाळेतली कडी

माझ्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आज दुपारी चांगला आला. जंतुसंसर्ग गेल्याचं डॉक्टरांनीच सांगितलं. वर्षभर तो पुन्हापुन्हा होत होता आणि नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडेनाशी झाली होती, त्यामुळे सगळ्यांनाच धाकधूक होती.

ताई कसबा पेठेतल्या एका शाळेत शिकवते. तिची लेक मृणाल अशाच संसर्गावर नाकातून द्यायची लस शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते.

"दुखणं कुठे आणि लस नाकात?" चहा गाळताना ताईने विचारलं.

"अगं आई, नाकाच्या अस्तराला जंतू ओळखायला शिकवलं, तर मूत्राशयातही बंदोबस्त होऊ शकतो. तेच तपासतोय."

"मग मला कधी देतेस?"

"अजून उंदरांवरच चाललंय. माणसांसाठी बरीच वर्षं लागतील."

"आधी उंदरांची सोय. छान!"

"तोवर शाळेत पाणी पीत जा. दिवसभर एक घोट घेत नाहीस."

"पिईन, पण मग जाऊ कुठे? आमच्या बाथरूमला आतून कडी नाही. आम्ही सगळ्याजणी घरी येईपर्यंत थांबतो."

मृणालला हसूच आलं. "कडी? एवढंच?"

ताईलाही हसू आलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. त्याआधी, उद्याच, ताई मुख्याध्यापिकांशी बोलणार आहे. कडी मृणाल आणून देणार आहे. तुमच्याकडे बायका कामावर पाणी पितात का? घरी विचारून सांगाल?