शेडमध्ये एकाच गाडीची जागा

आमच्या घराण्यातली पहिली पदवी मला मिळाली ती मोठ्या मामांमुळे. बारामतीजवळच्या सांगवीला स्वतःच्या घरी ठेवून त्यांनी मला शिकवलं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात त्यांनी फोन करून काम सांगितलं, तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मामांकडे दोन जुन्या गाड्या आहेत, ॲम्बॅसिडर आणि पद्मिनी. नवा ट्रॅक्टर येणार असल्यामुळे शेडमध्ये एकाच गाडीला जागा उरणार होती.

"तू ग्रॅज्युएट हायस. दोनी चालवून बघ आन् कुठली ठिवायची ते लेखी दे. तू लिवशील ते फायनल."

ॲम्बॅसिडरच लिही, असं ते म्हणाले नाहीत. मी पोचलो तेव्हा फक्त तीच धुऊन पुसून ठेवली होती.

मी वहीत तीन रकाने आखले : वेग, वळण, देखभाल.

वेग भवानीनगरच्या रस्त्यावर पाहिला. मामा शेजारी बसले होते. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. ॲम्बॅसिडरनं दोन्ही ट्रॉल्या ओलांडल्या आणि नेमका ट्रॅक्टरशेजारी तिचा दम संपला. बराच वेळ आम्ही बरोबरीनं चाललो. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं वाकून मामांना विचारलं, "तात्या, म्होरं जाताय का सोबतच येताय कारखान्यावर?"

दुसऱ्या दिवशी पद्मिनीनं तसाच ट्रॅक्टर सहज मागे टाकला.

"हलकी हाय म्हणून पळती," मामा म्हणाले. "मार्क काप."

इंदापूरच्या बाजारात ॲम्बॅसिडर वळवताना मी स्टिअरिंगला जवळजवळ लोंबकळलो. तिसऱ्यांदा मागेपुढे केल्यावर एक भाजीवाली टोपली उचलत ओरडली, "आदी ठरीव, येतूस का जातूस!" पद्मिनी त्याच जागी एका दमात वळली.

पळसदेवजवळ ॲम्बॅसिडर तापून थांबली. धरणाकाठी मासेमारीची जाळी वाळवणारे चौघे न बोलावता आले, बॉनेट उघडून तिला सुरू करून दिलं आणि ती कुणामुळे सुरू झाली यावर भांडत बसले. पद्मिनी बंदच पडली नाही. त्यामुळे देखभालीत तिचा रकाना कोरा राहिला.

"मग तितं शून्य घाल," मामा म्हणाले.

मी निघताना चहा देत मामींनी हळूच विचारलं, "ॲम्बॅसिडर ठिवली तर मी बारामतीला कशी जायची रं?"

गुडघ्यांच्या व्यायामासाठी मामी दर आठवड्याला एकट्या बारामतीला जातात. साठीला आल्यावर त्या पद्मिनीवर गाडी शिकल्या. ॲम्बॅसिडरचं स्टिअरिंग त्यांच्या हातांना फिरत नाही. माझ्या वहीत याचा रकानाच नव्हता.

मामांपुढे बोलायचा धीर झाला नाही. पुण्याला येऊन पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप मामा, सा. न.

आपण सांगितलेले मार्क धरले तर ॲम्बॅसिडर पहिली येते. पण ती ठेवली तर घरात गाडी चालवणारं एकच माणूस राहील. पद्मिनी ठेवली तर दोघं राहतील. मी पद्मिनी ठेवा असं लेखी देत आहे. ॲम्बॅसिडरला चांगलं गिऱ्हाईक मी स्वतः शोधीन, तोवर ती माझ्या दारात उभी करीन. राग आलाच तर माझ्यावर काढावा. मामींनी मला नुसता एक प्रश्न विचारला होता.

आपला भाचा"