दोघींच्या मापाचा बोळ

धुळ्यात पारोळा रोडला आई आणि तिची थोरली बहीण, दोघींनी मुद्दाम जवळजवळ प्लॉट घेतले. म्हातारपणी एकमेकींकडे चालत जाता यावं, एवढीच हौस. पण दोन प्लॉट पडले दोन वेगळ्या लेआउटमध्ये. आमच्या लेआउटवाल्याने रस्ते आखले ते शेताच्या जुन्या बांधापर्यंत. मावशीकडच्यानेही बांधापर्यंतच. पुढे एकमेकांना भेटायची तसदी एकाही रस्त्याने घेतली नाही. मावशीची गच्ची आमच्या गच्चीवरून दिसते. तिच्या दारात जायला मात्र रिक्षा करून हायवेचा वळसा.

आईने तो वळसा कधी घातलाच नाही. बांधावरच्या एका रिकाम्या प्लॉटमधून ती रोज दुपारी, दुखऱ्या गुडघ्यांनी, आपल्या अक्काकडे चालत जायची.

गेल्या उन्हाळ्यात त्या प्लॉटचा मालक सुरतहून आला. कंपाउंडसाठी दोरी बांधून झाली, पांढरी फक्की मारायला मिस्त्री तयार. माझं डोकंच फिरलं. वाटेसाठी महापालिकेत अर्ज देऊन देऊन मी आधीच हात टेकले होते. मी भांडायला निघाले, तर आईने मला मागे सारलं.

“भाऊ, जागा तुनी शे, खुशाल बांध,” ती त्याला म्हणाली. “पन आजना दिन थांब. माले अक्काकडे एक डाव जाई येऊ दे.”

तो कडुनिंबाखाली बसला. आई दोरी ओलांडून गेली. तिच्यामागून दळणाचा डबा घेतलेली बाई गेली, शिकवणीच्या मुली गेल्या, नमाजाहून परतणारे चाचा गेले. दूधवाल्याने तर सायकलच उचलून पलीकडे नेली. माणसं थांबेनात. मी तोंडात बोट घालून पाहत राहिले. एवढं गाव आईच्या पायवाटेने चालतंय आणि मी कागद घेऊन कचेरीत एकटीच भांडत होते!

ऊन उतरल्यावर आई परतली. तिला सोडायला मावशीही आली होती.

“बठ्ठं गाव आठूनच जास का, माय?” मालकाने विचारलं.

सगळेच इथून जातात, अशी आईने मान हलवली. तिला रडू फुटलं होतं.

त्याने दोघींना दोरीपाशी शेजारी शेजारी उभं केलं आणि मिस्त्रीला सांगितलं, एवढी वाट सोडून भिंत घे. मिस्त्री फक्की घेऊन वाकला. तेवढ्यात आई डोळे पुसत मावशीच्या कानाशी लागली.

“अक्का, जराशी सरकीसन उभी ऱ्हाय.”

मावशी चांगली हातभर लांब सरकली. मालकाने ते पाहिलं, हसला, आणि मिस्त्रीला हातानेच खूण केली, मार.