जावेचा शंकू

माझ्या धाकट्या जावेचा मला फार हेवा वाटे. तोंडाने हे मी कधी कोणाला सांगितले नाही, म्हणून लिहिते.

ती यायच्या आधी शहाद्याच्या आमच्या घरात शिकलेली बाई मी एकटीच. चौथी पास. घरात आलेली पत्रे मीच वाचून दाखवी. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला भाकरी थापता थापता शिकवी, की भाकरी म्हणजे वर्तुळ, पाट म्हणजे चौकोन. ती माझ्या गुडघ्याला चिकटून बसे.

जाऊ सातवी पास, वर मास्तरणीचे शिक्षण घेतलेली. तिने ओसरीवर गल्लीतल्या मुलांचा बिगरीचा वर्ग मांडला. सुताराकडून लाकडी आकार करून घेतले. ठोकळा, चेंडू, वरवंट्यासारखा एक, आणि एक खाली रुंद, वर टोकदार. त्याला ती शंकू म्हणे. माझीच परात नेऊन तीत पीठ पसरी. मुलांनी ठोकळा दाबला की पिठात चौकोन उमटे, शंकू बुडाने दाबला की वर्तुळ. हातात राहिला तो भरीव, पिठात राहिला तो सपाट, असे ती सांगे. मला चौथीपर्यंत कोणी असे दाखवले नव्हते. मी दाराआडून बघत राही आणि तव्यावरची भाकरी करपे.

एके दिवशी मी मुलीला विचारले, भाकरीचा आकार कोणता? ती म्हणाली, भाकरीला तर जाडी असते, मी काकूला विचारून सांगते. सासूबाई हसल्या.

"तुन्हापेक्षा ती बरं शिकाडस वं," त्या मला म्हणाल्या.

त्याच दुपारी मी तो शंकू उचलला आणि ज्वारीच्या कोठीत खोल खुपसला. जावेने सगळे घर धुंडाळले. मीही तिच्याबरोबर शोधले, अगदी वाकून, कपाटाखाली झाडू घालून.

चार दिवसांनी शाळाखात्याच्या एक बाई वर्ग बघायला आल्या. त्यांना पसंत पडला तर वर्गाला शाळेत खोली मिळणार होती. मी चहा घेऊन ओसरीवर गेले तेव्हा त्या विचारत होत्या, टोकाचा आकार कुठे आहे? माझी मुलगी उठून उभी राहिली.

"तो मन्ही मायनी कोठीमा ठेयेल शे."

तिने पाहिले होते. चार दिवस बोलली नाही, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते.

जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "हो, मीच दिला होता अक्कांना. त्या घरी मुलांचा सराव घेतात. अक्का, आणता का जरा?"

मी कोपरापर्यंत हात ज्वारीत घालून तो काढला आणि आणून दिला. बाईंनी विचारले, तुम्हीही शिकवता का? मी होकाराची मान हलवली.

त्यानंतर जाऊ त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर मलाही चार शब्द बोलता आले असते. तिने तेवढीही जागा ठेवली नाही. शिकवण्यात ती पुढे होतीच, आता मोठ्या मनातही पुढे गेली, आणि त्याचा मला जास्त राग आला.

वर्ग शाळेत गेला. मुलगी रोज तिचे बोट धरून निघे. मी पदराला हात पुसत दारात उभी राही. कोपऱ्यावर वळताना मुलगी कधी मागे बघे, कधी नाही.