सुभेदारांचा मिस कॉल

आता मी विश्रामबागेत मुलाकडे राहते. सकाळची कामं आटोपली की उंब्रजमध्ये आशा सेविका असतानाची माझी रोजची फेरी आठवते. टीबीच्या पेशंटांची घरं, कुणाच्या अंगणात शेंगा वाळत घातलेल्या, कुणी दारातूनच 'घेतली बगा गोळी' म्हणून ओरडणारं.

तेव्हा पाकिटातून गोळी काढली की तिच्याखाली लपलेला, रोज वेगळा फोन नंबर दिसायचा. त्यावर मिस कॉल दिला की त्या दिवशी गोळी घेतल्याची नोंद व्हायची. माझ्या यादीत सगळ्यांत नेमाचे होते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. आठच्या ठोक्याला त्यांचा कॉल. मीटिंगमध्ये मी त्यांचं उदाहरण द्यायची, आणि त्यांच्या घरी मात्र क्वचितच जायची. ज्यांचं चोख चाललंय तिथं कशाला डोकवायचं?

उपचाराच्या चौथ्या महिन्यात मी त्यांचं वजन करायला गेले, तर ते चांगलंच घटलेलं. सुभेदार खोकून खोकून वाकले होते. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला परसात नेलं.

"ताई, खोटं कशाला बोलू? नंबर बगायला गोळी काढत्यात, मिस कॉल देत्यात, आन गोळी चुलीत टाकत्यात. दीड म्हैना झाला."

आत येऊन सुभेदारांसमोर बसले. रागवायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, का?"

ते म्हणाले, "खोकला गेलता. गोळीनं लय मळमळायचं. त्यात डॉक्टर म्हणला, दारू बंद. रिटायर माणसाला संध्याकाळी दुसरं काय हाय? पर तुमच्या कागदावर गैरहजेरी लागायला नको वाटलं. उभ्या नोकरीत कवा लागली न्हाई."

दवाखान्यात पुन्हा कफ तपासला. जंतू होतेच. रक्तात साखरही वाढलेली निघाली. ती आधी कुणाला ठाऊकच नव्हती. मात्र गोळ्या मध्येच सोडूनही जंतू औषधाला निर्ढावले नव्हते, तेच औषध अजून लागू पडणार होतं. डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा."

नव्यानं उपचार सुरू झाले. मग मी रोज जाऊ लागले. आधी काकूंची भाकरी आणि उकडलेलं अंडं, मग माझ्यासमोर गोळ्या. मळमळ होऊ नये म्हणून मी त्यांना बोलतं ठेवायची. ते लडाखच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचे, काकू मधूनच म्हणायच्या, "आवं, हे मला कवा सांगितलं न्हाई!" संध्याकाळी काकू त्यांना उसाच्या बांधानं फिरायला न्यायच्या. दोनदा ते घसरले, पिऊन आले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं.

शेवटचा कफ स्वच्छ आला. कोर्स संपला. दुसऱ्या दिवशी काम नसतानाही माझे पाय त्याच गल्लीत वळले. काकूंनी काही न विचारता खुर्ची पुढं सरकवली.