लाल बटणाचे दोन तुकडे

आमचे नागपूरच्या ऑफिसातले सर टायपिंगच्या बाबतीत महाकंजूष. वेबसाइटवरच्या बटणाला रंगरूप द्यायचं तर त्या रंगरूपाला कोडमध्ये एक नाव द्यावं लागतं. शहाणी माणसं ते ‘बटण-लाल’ असं सलग लिहितात, म्हणजे पुढे शोधलं की सापडतं. सर मात्र ‘बटण’ एका फाइलीत ठेवत आणि ‘लाल’ दुसरीत. पान उघडताना मशीन दोन्ही जोडून घेई. "टायपिंग वाचून राहिलं ना," असं ते रोज चहाबरोबर ऐकवत. मला त्याचा अगदी वीट आला होता.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण दुपारीच पारशिवनीला, आपल्या घरी निघणार होती. तिला पाहायला पाहुणे येणार होते, आणि मुलगा तर तिला फोनवरच आवडून बसला होता. नेमका तेव्हाच एका मंगल कार्यालयाच्या मालकाचा फोन आला. त्यांच्या वेबसाइटवरचं हॉल बुक करायचं लाल बटण सकाळपासून दिसत नव्हतं.

"बटण दिसू दे, मग जा वं," सर म्हणाले.

आम्ही सगळे शोधत बसलो. तिची बस गेली. ती रडकुंडीला आली, आणि सरांच्या चहात मीठ टाकावं इतका मला राग आला.

शेवटी तिनेच विचारलं, "सर, सकाळी तुम्ही काही साफ केलं काय?"

"कचरा काढला. जी नावं शोधून कुठंच सापडली नाही, ती उडवली."

"पुरं नाव कसं सापडन सर? तुम्हीच तर त्याचे तुकडे करून ठेवले."

सरांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. उडवलेलं परत आणलं, तसं बटण लाल झालं आणि सरही.

बस नव्हती, म्हणून त्यांनी मुकाट्यानं आपली गाडी काढली. अशी गंमत कोण सोडतं? मीही मागे जाऊन बसले.

पाहुणे पोहे संपवून वाट पाहत होते. मुलाच्या वडिलांनी सरांना विचारलं, "पोरगी तुमच्याकडे काय काम करते जी?"

मी सरांवरून नजर हलवली नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. "मी हरवलेलं ती शोधून देते," ते म्हणाले.

वडील मुलाकडे वळले. "मंग तुयं काही खरं नाही गा."

"चालते मले," मुलगा म्हणाला.