सारसोळ्याच्या जेट्टीवरची प्रॅक्टिस

शहाजी मांढरे हा माणूस नक्की कोण, हे कळल्याशिवाय उज्वलाला चैन पडणार नव्हतं. नोव्हेंबरपासून तिची मुलगी राजनंदिनी रोज पहाटे साडेपाचला सायकल काढून सारसोळ्याच्या जेट्टीवर जायची आणि साडेसातला परत यायची, ती मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग घेऊनच. विचारलं की एकच उत्तर. "शहाजीकाका प्रॅक्टिस घेतात."

कराटेचा क्लास तर इथेच जुईनगरात, सोसायटीच्या हॉलमध्ये होता. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. मग ही पहाटेची प्रॅक्टिस कसली?

"सर मुलींना फाइट देत नाहीत ना," राजनंदिनी सांगायची. "म्हणतात, मुलींनी फक्त काता करायचे. म्हणजे हवेत हातवारे. आणि ब्राउन बेल्टच्या परीक्षेला समोर माणूस उभा करतात. तिथे काय हवेशी मारामारी करू?"

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच उज्वलाला पटलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीकडे इतकं तयार उत्तर असतं, म्हणजे ते पाठ केलेलं असणार. ती स्वतः साताऱ्याला मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली होती. पहिलं उत्तर खरं मानायचं नाही, एवढं तरी त्यातलं तिच्या लक्षात राहिलं होतं.

तिने चौकशी चालू केली. नवरा नामदेव मार्केटात एका गाळ्यावर कारकून होता. तो म्हणाला, "शहाजी? आपल्या खटावकडचाच. कांदा-बटाट्यात माथाडी आहे. सरळ माणूस."

"सरळ म्हणजे?"

"म्हणजे सरळ. पीत नाही, पत्ते खेळत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"एवढा सरळ? मग बायको गावाला का?"

"अगं, अर्ध्या मार्केटच्या बायका गावाला आहेत!"

वरच्या मजल्यावरच्या वैशालीला जास्त माहिती होती. "चौकीत बसवला होता म्हणे एकदा. एका ट्रक ड्रायव्हरला उचलून कांद्याच्या ढिगात टाकला."

"का?"

"ते नाही माहीत. पण टाकला हे नक्की."

असं तुकड्या-तुकड्यांनी त्याचं आयुष्य उज्वलाकडे जमा झालं. तरुणपणी पैलवान. चोविसाव्या वर्षी एका जत्रेत गुडघा गेला. मग चुलत्यामागे मुंबई, मशीद बंदरला पोती वाहणं. मार्केट खाडीपलीकडे तुर्भ्याला आलं तसा तोही आला, आणि त्याच गुडघ्यावर पन्नास पन्नास किलोची पोती पाठीवर घेत राहिला. क्लास सुटताना एकदा हॉलच्या खिडकीतून म्हणाला होता, "पोरींनो, पाय जमिनीत न्हाईत तुमचे." तिथून हे सगळं सुरू झालेलं.

आणि तो फी घेत नव्हता. उज्वलाला हेच सगळ्यात वाईट वाटलं. फी घेणारा निदान फी घेऊन मोकळा होतो. न घेणारा काय घेईल, याचा काय भरवसा?

संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला रेशमी साडी काढायला तिने ट्रंक उघडली. साडी होती, पण तिच्याखालचा नामदेवचा लग्नातला फेटा नव्हता. तिने सगळी ट्रंक उपसली. मग तिला आठवलं, नोव्हेंबरात देव्हाऱ्यातला नारळही असाच दिसेनासा झाला होता. तेव्हा तिने मोलकरणीवर संशय घेतला होता.

ती तिथेच जमिनीवर बसली. मुलगी, फेटा आणि नारळ. गावाकडे फेटा-नारळ एकत्र कुणाला देतात? लग्नात नवऱ्याला. राजनंदिनीला अठरा पूर्ण झाली नोव्हेंबरात. जेट्टीवर जाणं सुरू झालं नोव्हेंबरात. शहाजी निमित्त असेल, खरा कुणी तिसराच असेल. सगळं जुळत होतं.

तिने मुलीला विचारलं नाही. विचारलं तर मुलगी सावध होईल. नवऱ्यालाही सांगितलं नाही, तो हसला असता. तिने गुपचूप थोरल्या दिरांना, आप्पांना, अंतर्देशीय पत्र टाकलं. "राजनंदिनीसाठी स्थळ बघा. उशीर नको."

आप्पा कामाला पक्के. आठ दिवसांत वैशालीकडे त्यांचा फोन. "येत्या रविवारी कोरेगावची मंडळी मुलगी बघायला येतील. गुरुवारी डेअरीत दूध घातलं की मी तसाच एसटीनं जाऊन त्यांना पक्कं सांगतो. पसंत पडली तर फाल्गुनात बार उडवू. कॉलेज-बिलेज मग बघता येईल."

रविवारी ब्राउन बेल्टची परीक्षा होती. उज्वलाला ते माहीत होतं. परीक्षा बुडेल, जेट्टी सुटेल, म्हणूनच तर ती "बरं" म्हणाली.

पण गुरुवारी पहाटे तिला राहवेना. त्या तिसऱ्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. सायकल कोपऱ्यावरून वळली तशी तिने रिक्षा केली.

जेट्टीवर अजून अंधार होता, खांबावरच्या दिव्याच्या उजेडात धुकं दिसत होतं. वाळत घातलेल्या सुकटीचा वास येत होता. ती एका ओढून ठेवलेल्या होडीमागे उभी राहिली. पलीकडे दोनच मुली होत्या: राजनंदिनी, आणि सारसोळ्यातल्याच कमळाकर कोळ्याची स्नेहल. समोरासमोर उभ्या राहून दोघी हातावर हात आपटत होत्या. आत, बाहेर, खाली. ओल्या कपड्यावर धोपटणं पडावं तसा आवाज. डाग कुठून येतात ते उज्वलाला कळलं.

शहाजी दहा पावलांवर उलट्या खोक्यावर बसला होता, एक पाय लांब केलेला. मुलींच्या जवळही येत नव्हता. काठीने नुसती जागा दाखवायचा. मग दोघींनी अर्धं पोतं वाळू पाठीवर घेऊन जेट्टीच्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारल्या आणि धापा टाकतच एकमेकींवर धावल्या. स्नेहलची लाथ पोटात बसली. राजनंदिनी वाकली ती वर येईना.

उज्वलाचा पाय पुढे पडला. शहाजी मात्र हलला नाही. "श्वास सोड," तो शांतपणे म्हणाला. "घाई न्हाय. पाठीला अजून माती लागल्याली न्हाय."

राजनंदिनी हळूहळू सरळ झाली. हसत होती. घरात ती अशी हसलेली उज्वलाला आठवेना.

"वस्ताद, तिकरं होरीमागं कोन हाय वो?" स्नेहल म्हणाली.

"आई?" राजनंदिनीचं तोंड पांढरं पडलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. उज्वला थेट शहाजीसमोर गेली. "माझ्या मुलीला शिकवून तुम्हाला काय मिळतं?"

तो काठीवर भार देऊन उठला. "बरं झालं वहिनी, इचारलंत. दोन महिनं वाट बघतोय, घरनं कुणी कसं इचारंना." त्याने खुंटाला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत फेटा होता, ट्रंकेत होता तशाच घडीचा. "ह्यो तुमचाच न्हवं? पोरींनी नारळ-फेटा दिला, म्हणल्या आजपास्नं तुमी आमचे वस्ताद. तालमीची रीतच हाय ती. पर बघितला तवाच वळखलं, लग्नातला हाय, घरी न सांगता आणलाय. परत द्यावा म्हणून रोज घिऊन येतो. आन् रोज तसाच घिऊन जातो."

"का?"

"वस्ताद आपलं आपुन व्हता येत न्हाय, वहिनी. कुणीतरी म्हणावं लागतं. बावीस वर्सं पोती व्हायली, कुणी म्हणलं न्हाय. ह्या दोघी म्हणल्या."

उज्वला इतक्यात सोडणार नव्हती. "आणि तो ड्रायव्हर? कांद्यात टाकलेला?"

"आमच्या एकाच्या पायावर गाडी घातली त्येनं, वर हसला. पर बटाट्यात, वहिनी. कांद्याचं नुकसान झालं असतं."

"आणि नारळ?"

"खाल्ला," स्नेहल म्हणाली. "जास्ती मीच."

उज्वलाने फेटा उलगडून बघितला. "कसर लागलीय याला. सध्या हाच असू द्या. रविवारी परीक्षेला येताना मी नवा..." आणि ती थांबली.

"तू येणार?" राजनंदिनीने विचारलं. "खरंच येणार, आई?"

घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आप्पा साडेसहापर्यंत डेअरीत असतात. डेअरीत फोन आहे. त्यानंतर ते एसटीत बसले की रविवार हातातून गेला.

"साडेसातला घरी ये," एवढंच म्हणून ती वळली. थांबवून ठेवलेल्या रिक्षात बसता बसता तिने एकदा मागे बघितलंच. शहाजी खोक्यावर, मुलींपासून दहा पावलं. तिने पावलं पुन्हा मोजली. दहाच होती.

"कुठे, मॅडम? परत जुईनगर?"

"नाही. नेरूळ स्टेशनजवळ एस.टी.डी. बूथ आहे, तिथे. जरा लवकर."

आप्पा चिडतील. कारण विचारतील, आणि खरं कारण सांगितलं तर नामदेवला सगळं कळेल, पत्रासकट. कळू दे. डेअरीचा नंबर पर्समधल्या डायरीत होता. तिने तो काढला आणि चुकू नये म्हणून वाटेतच दोनदा वाचला.